यूगोंगचे डोंगर अखेर कोणी हलवले? चिनी परंपरेतील स्वावलंबन आणि प्रयत्न

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

माझी अकरा वर्षांची मुलगी गेल्या वर्षापासून चिनी भाषेच्या वर्गाला जाते. गेल्या आठवड्यात त्यांना यूगोंगची, म्हणजे ‘मूर्ख म्हाताऱ्या’ची गोष्ट होती. ज्यांना ती ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

नव्वदीला टेकलेल्या यूगोंगच्या घरासमोर ताइहांग आणि वांगवू हे दोन प्रचंड डोंगर आहेत. कुठेही जायचे तर वळसा पडतो, म्हणून तो घरच्यांना एकत्र बसवून डोंगर खणून काढण्याचा बेत मांडतो. सगळे होकार देतात. बायको मात्र विचारते की, तुमच्याने टेकाड हलणार नाही आणि खणलेली माती-दगड टाकणार कुठे? बोहाईच्या समुद्रात टाकू, असे ठरते. शेजारच्या विधवेचा, नुकते दुधाचे दात पडू लागलेला मुलगाही मदतीला येतो. समुद्रापर्यंतच्या एका खेपेत ऋतू पालटतो. नदीकाठचा एक ‘शहाणा म्हातारा’ हसतो, तेव्हा यूगोंग म्हणतो की, मी मेलो तरी मुलगा आहे, त्याला मुले होतील, त्यांनाही होतील. डोंगर काही वाढणार नाही. इथपर्यंत गोष्ट जशी असावी तशीच आहे.

पण शेवट असा की, हे लोक थांबणार नाहीत या भीतीने एक देव वर जाऊन स्वर्गाधिपतीला कळवतो आणि स्वर्गाधिपती त्या निष्ठेने हेलावून दोन दिव्य पुरुषांना पाठवतो. ते दोन्ही डोंगर उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतात.

मुलीने विचारले, “मग आजोबांनी डोंगर हलवला कुठे?” मला उत्तर देता आले नाही. कष्टाचे महत्त्व सांगायला जी गोष्ट चीनभर शिकवली जाते, तिच्यात काम देवाने का करावे? चिनी विचारात स्वावलंबन म्हणजे नेमके काय, हे जाणकारांनी सांगावे.

बाबूराव_टेबल

तीस वर्षे सरकारी नोकरी केल्यामुळे मला ही गोष्ट अत्यंत वास्तववादी वाटते. अर्जदार हटत नाही असे दिसल्यावर खालच्या टेबलावरचा देव घाबरून वर टिपणी पाठवतो आणि मग वरून आदेश निघतो. यात चमत्कार तो कुठला?

सुदूरपूर्व

बाबूरावांचा विनोद मूळ संहितेच्या फार जवळ जातो. तिथे खरोखरच हाती साप धरणारा एक देव हे ऐकतो आणि ‘हे थांबणार नाहीत’ या भीतीपोटीच वर कळवतो.

मूळ प्रश्नाबद्दल सांगायचे तर, ही गोष्ट ‘ल्येत्झ’ या ताओवादी ग्रंथात आहे, कष्टाचा उपदेश करणाऱ्या ग्रंथात नव्हे. त्या प्रकरणात लहान-मोठे, शहाणा-मूर्ख ही आपली मापे किती तोकडी आहेत, हे पुन्हापुन्हा दाखवले आहे. त्यामुळे माझ्या मते गोष्टीचा रोख ‘खणत राहा’ यापेक्षा ‘मूर्ख कोण आणि शहाणा कोण, हे ठरवण्याची घाई करू नका’ याकडे आहे. याला पुरावा म्हणजे लगेच पुढची गोष्ट. तिच्यात क्वाफू नावाचा वीर आपल्या ताकदीचा अंदाज न घेता सूर्याचा पाठलाग करतो, तहानेने दोन नद्या पिऊन टाकतो आणि तिसऱ्या पाण्याकडे जाताना वाटेतच मरतो. यूगोंग आणि क्वाफू लागोपाठ ठेवणारा ग्रंथ सरधोपट प्रयत्नवादी असू शकत नाही.

आज ही गोष्ट ज्या अर्थाने शिकवली जाते, त्या अर्थाला बळ विसाव्या शतकात मिळाले. ११ जून १९४५ रोजी येनान या तळावर चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या सातव्या अधिवेशनाचा समारोप करताना माओ त्से तुंग यांनी ती सांगितली. साम्राज्यवाद आणि सरंजामशाही हे दोन डोंगर झाले, आणि स्वर्गाधिपती म्हणजे चिनी जनता झाली. म्हणजे मुलीला जो प्रश्न पडला तो त्यांनाही जाणवला असावा. देवाच्या जागी माणसे बसवल्याशिवाय गोष्ट त्यांच्या कामाची नव्हती.

मधली_सुट्टी

प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओत्से म्हणून गेले आहेत की, माणसाला मासा दिलात तर एक दिवसाची भूक भागते, मासेमारी शिकवलीत तर जन्माची. यात सगळे आले.

सुदूरपूर्व

मधली_सुट्टी, रागावू नका, पण लाओत्सेंच्या ग्रंथात हे वाक्य नाही. त्याचा इंग्रजी अवतार एका इंग्रज लेखिकेच्या १८८५ सालच्या कादंबरीत सापडतो. पोस्टरवरचे वाक्य कोणाचे ते कळले नाही की, त्याखाली लाओत्से किंवा कन्फ्यूशियस यांचे नाव घालण्याची पद्धत आहे.

लाओत्सेंचे खरोखरचे वाक्य हवे असेल तर चौसष्टाव्या प्रकरणात आहे: हजार लींचा (ली म्हणजे सुमारे अर्धा किलोमीटर) प्रवास पायाखालून सुरू होतो. हेही पोस्टरवर असते, परंतु त्याच्या पुढचे वाक्य कोणी छापत नाही. ते असे की, जो करायला जातो तो बिघडवतो आणि जो धरून ठेवतो तो गमावतो. त्याच प्रकरणात पुढे म्हटले आहे की, लोक बहुधा काम पुरे होता होता बिघडवतात, म्हणून जितकी काळजी सुरुवातीला घेतली तितकीच शेवटी घ्यावी.

निवृत्त_गुरुजी

अर्धे वाक्य लोकप्रिय व्हावे आणि उरलेले विसरले जावे, हे आपल्याकडेही आहे. ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ हे मी चाळीस वर्षे फळ्यावर लिहिले. वामनपंडितांनी ज्या भर्तृहरीच्या श्लोकावरून ते घेतले, त्याचा शेवट असा आहे की, वाळूतून एक वेळ तेल निघेल, पण मूर्खाचे मन वळवता येणार नाही. म्हणजे तो श्लोक प्रयत्नाच्या मर्यादेविषयी आहे, आणि मी तो परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना ऐकवत असे.

गवताळ

आम्ही शेती करणारे लोक, त्यामुळे कन्फ्यूशियसपंथी विचारवंत मेंशियस यांची एक गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. सोंग राज्यातल्या एका माणसाला आपली रोपे वाढत नाहीत अशी चिंता लागली, म्हणून त्याने एकेक रोप वर ओढले. संध्याकाळी तो दमून घरी आला आणि म्हणाला, “आज फार थकलो, रोपांना वाढायला मदत केली.” मुलगा शेतावर धावत गेला, तर रोपे सुकलेली होती.

ही गोष्ट घाई करणाऱ्यांना टोमणा म्हणून सांगतात. मला मात्र मेंशियस यांची पुढची पुस्ती अधिक मोलाची वाटते. ते म्हणतात की, उपयोग नाही असे समजून जे सोडून देतात, ते खुरपणी न करणारे. आणि जे वाढीला जबरदस्तीने हातभार लावतात, ते रोपे ओढणारे. यांच्या मधली जागा खुरपणीची आहे. रोप स्वतःच वाढते, आपण फक्त तण काढायचे, आणि ते मात्र रोज काढायचे. ज्यांनी पावसाळ्यात चार दिवस खुरपणी चुकवली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

बाबूराव_टेबल

आमच्या शेजारच्यांनी मुलाला पाचवीपासून आयआयटीच्या क्लासला घातले आहे. ‘आज रोपांना मदत केली’ हे वाक्य त्यांच्या घरातून रोज संध्याकाळी ऐकू येते.

नेमबाज

मी मुलांना धनुर्विद्या शिकवतो, म्हणून या चर्चेत एक शब्द घालू इच्छितो. कन्फ्यूशियस यांच्या संवादांत एक वाक्य आहे: थोर माणूस स्वतःकडे मागतो, क्षुद्र माणूस दुसऱ्याकडे मागतो. याचे भाषांतर पुष्कळ वेळा ‘थोर माणूस कोणाची मदत घेत नाही’ असे केले जाते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे सगळा घोटाळा इथेच होतो. मेंशियस यांनी त्याच कल्पनेसाठी तिरंदाजाचा दाखला दिला आहे. तिरंदाज आधी स्वतःला सरळ करतो, मग बाण सोडतो. बाण चुकला तर जिंकणाऱ्याचा राग करत नाही, चूक आपल्यात शोधतो.

यात मदत घेऊ नये असे कुठेच नाही. धनुष्य सुताराने केलेले असते, लक्ष्य दुसऱ्याने उभारलेले असते, शेजारी गुरू उभा असतो. बाण चुकल्यानंतर पहिली नजर कुठे जाते, वाऱ्याकडे की स्वतःच्या खांद्याकडे, एवढाच प्रश्न आहे. माझ्याकडची दहापैकी आठ मुले आधी वाऱ्याकडे पाहतात. उरलेली दोन पालकांकडे पाहतात.

उलट_तपासणी

हे सर्व ऐकायला गोड आहे, पण ‘चूक स्वतःत शोधा’ ही शिकवण सत्ताधाऱ्यांच्या किती सोयीची आहे, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. पीक बुडाले तर शेतकऱ्याने स्वतःत पाहायचे, नोकरी गेली तर कामगाराने स्वतःत पाहायचे, आणि वरच्याने कोणाकडेच पाहायचे नाही.

चीनमधलेच उदाहरण घ्या. शान्शी प्रांतातील ताचाई हे खेडे १९६४ पासून साऱ्या देशापुढे स्वावलंबनाचा आदर्श म्हणून ठेवले गेले. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते, सरकारची मदत नाकारलेली, सगळे स्वतःच्या हातांनी. तिथले पुढारी छन योंगक्वेइ १९७५ मध्ये देशाचे उपपंतप्रधानही झाले. पुढे १९८० च्या सुमारास चिनी वृत्तपत्रांनीच छापले की, उत्पादनाचे आकडे फुगवलेले होते आणि सैन्याची व सरकारची मदत भरपूर पोहोचली होती. तोवर जिथे डोंगरच नाही अशा गावांतही ताचाईचे अनुकरण करून झाले होते.

नेमबाज

उलट_तपासणी, आपला मुद्दा ताचाईला लागू आहे, मेंशियस यांना नाही. त्यांनी हा नियम आधी राजांनाच लावला. ल्यांगच्या राजाला ते सांगतात की, रस्त्यावर भुकेने मेलेली माणसे पडली असताना तू कोठारे उघडत नाहीस आणि ‘यात माझा दोष नाही, साल वाईट आहे’ असे म्हणतोस. माणसाला भोसकून ‘मी नाही मारले, शस्त्राने मारले’ म्हणण्यापेक्षा हे वेगळे कसे?

उलट_तपासणी

हा उतारा मला माहीत नव्हता आणि तो चांगला आहे, हे मान्य करतो. राजे तो वाचत असत का, हा प्रश्न मात्र राहतोच.

हनानहून_परत

कामानिमित्त मी काही वर्षे चीनच्या हनान प्रांतात होतो. ताचाईचा विषय निघालाच आहे तर त्याच काळातल्या ‘लाल ध्वज कालव्या’चेही सांगायला हवे, कारण तो खोटा नाही, मी त्याच्या काठाने चाललो आहे.

हनानच्या उत्तर टोकाला लिनश्येन हा दुष्काळी तालुका होता. १९६० च्या फेब्रुवारीत, म्हणजे देशात भीषण अन्नटंचाई असताना, तिथल्या लोकांनी झांग नदीचे पाणी डोंगरकडा फोडून आणण्याचे काम हाती घेतले. छिन्नी, हातोडा, दोर आणि घरीच भाजलेला चुना ही मुख्य सामग्री होती. कड्यावरचे सुटे दगड काढण्यासाठी माणसे दोराला लोंबकळत काम करत. मुख्य कालवा सुमारे ७० किलोमीटरचा आहे, आणि फाटे-उपफाटे धरून एकूण लांबी सुमारे १५०० किलोमीटर भरते. तरुणांच्या तुकडीने खोदलेला एक बोगदाच ६१६ मीटरचा आहे. १९६९ मध्ये काम पुरे झाले. त्यात ८१ माणसे गेली.

आता मूळ प्रश्नाशी संबंध असा की, तो कालवा ज्या डोंगरातून काढला आहे तो ताइहांगच आहे, यूगोंगचाच. आणि दुसरी गोष्ट, जी तिथल्या घोषणांत कमी आणि तिथल्या माणसांच्या बोलण्यात जास्त येते: पाणी उचलायचे ठिकाण शेजारच्या शान्शी प्रांतात आहे. शान्शीने संमती दिली नसती तर लिनश्येनच्या माणसांनी कितीही डोंगर फोडले असते तरी कालवा कोरडाच राहिला असता.

सोलापुरी_चादर

आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा उल्लेख या धाग्यावर होणे आवश्यक आहे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात ते होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पुढे कोटणीस युद्धआघाडीवरील बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, चिनी भाषा शिकून त्याच भाषेत शिकवू लागले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले.

हे सांगण्याचे कारण असे की, नेमक्या त्याच वर्षांत नाकेबंदीत सापडलेल्या येनान भागात ‘आपल्या हातांनी करा, अन्नवस्त्राला तोटा पडणार नाही’ ही घोषणा गाजत होती. सैनिक पडीक जमिनी नांगरत होते, सूत कातत होते. ज्या प्रदेशाने जगाला स्वावलंबन शिकवले, त्याच प्रदेशात शस्त्रक्रिया करणारे हात सोलापूरचे होते आणि त्याआधी कॅनडाच्या बेथ्यून यांचे होते. मला यात विसंगती वाटत नाही, पण घोषणेत ही बाजू मावत नाही एवढे खरे.

निवृत्त_गुरुजी

गरीब पण अभ्यासू मुलांच्या चिनी कथाही याच वळणाच्या आहेत. हान काळातल्या ख्वांग हंगकडे दिव्याला तेल नव्हते, म्हणून त्याने भिंतीला भोक पाडून शेजाऱ्याच्या उजेडात वाचन केले. पुढे एका श्रीमंताकडे त्याने बिनपगारी काम केले, अट एवढीच की घरातली पुस्तके वाचू द्यावीत. उजेड शेजाऱ्याचा आणि पुस्तके श्रीमंताची, त्याचे स्वतःचे होते ते केवळ भोक. पाठ्यपुस्तकात जे येत नाही ते असे की, हा मुलगा पुढे प्रधानमंत्री झाला आणि जमिनी बळकावल्याच्या आरोपावरून पदावरून गेला.

दुसरी जोडी छ यिन आणि सुन खांग यांची आहे. पहिला काजव्यांच्या उजेडात वाचायचा, दुसरा बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उजेडात. या आदर्शांची चिनी लोकांनी स्वतःच केलेली थट्टा अशी: सुन खांग एकदा छ यिनकडे गेला, तर कळले की तो दिवसाढवळ्या काजवे पकडायला बाहेर गेला आहे. काही दिवसांनी छ यिन परतभेटीला आला, तर सुन खांग अंगणात आभाळाकडे पाहत उभा. “वाचत का नाहीस?” असे विचारल्यावर तो म्हणाला, “आज काही बर्फ पडेलसे दिसत नाही.”

मधली_सुट्टी

वीज गेल्यावर मोबाइलचा चार्जर शोधण्यात ज्याचा अभ्यासाचा तास जातो, त्या माझ्या चिरंजीवांना हा विनोद आजच सांगतो. माशाबद्दलची चूक मान्य आहे.

चिंतामणी_सिंगापूर

आतापर्यंत नशिबाचा मुद्दा कोणी काढला नाही याचे नवल वाटते, कारण प्रयत्नाचा खरा प्रतिवादी तोच आहे. प्राचीन चिनी विचारवंत मोत्झ यांनी कन्फ्यूशियसपंथीयांशी यावरच भांडण मांडले. सगळे दैवावर असेल तर अधिकारी पहाटे उठणार नाही, शेतकरी नांगर धरणार नाही आणि बाई माग चालवणार नाही, असा त्यांचा रोकडा युक्तिवाद आहे. दुसऱ्या एका ठिकाणी ते म्हणतात की, पशुपक्ष्यांना पिसे आणि लोकर हेच वस्त्र मिळालेले असते, माणसाचे तसे नाही. जो आपल्या बळावर विसंबतो तो जगतो, जो विसंबत नाही तो जगत नाही.

इकडे मंदिरांतून फुकट वाटली जाणारी एक छोटी पुस्तिका आहे, मिंग काळातल्या युआन ल्याओफान यांनी मुलाला केलेला उपदेश. एका ज्योतिषाने त्यांच्या परीक्षांचे क्रमांकसुद्धा अचूक सांगितले होते आणि पुढे मूल होणार नाही, त्रेपन्नाव्या वर्षी मृत्यू येईल, असेही. ते इतके निर्विकार झाले की काही इच्छाच उरली नाही. मग एका ध्यानमार्गी भिक्षूने त्यांना सुनावले की, मी तुला असामान्य समजत होतो, तू तर सामान्यच निघालास. नशीब आपणच घडवायचे असते. त्यानंतर ते रोजच्या बऱ्यावाईट कृत्यांची वही ठेवू लागले. त्यांना मुलगा झाला आणि ते सत्तरी ओलांडून जगले. माझी सिंगापुरी शेजारीण आजही अशी वही लिहिते. परवा तिने मला उचलून दिलेल्या पार्सलची त्यात नोंद केली का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

बाबूराव_टेबल

आपण विचारू नका. विचारलेत की तिला तुमच्या खात्यावर उणे नोंद करावी लागेल.

सुदूरपूर्व

पाटीपेन्सिल यांच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण मधल्या प्रतिसादांमुळे माझे आधीचे मत थोडे बदलले आहे. शान्शीची संमती, सोलापूरचे डॉक्टर, शेजाऱ्याचा उजेड, सुताराचे धनुष्य हे एकत्र ठेवले, तेव्हा मला कन्फ्यूशियसपंथी विचारवंत श्युन्त्झ यांचा अध्ययनावरील निबंध पुन्हा काढावासा वाटला.

प्रयत्नाविषयीची अत्यंत कडक वाक्ये याच निबंधात आहेत. पाऊल पाऊल साठवल्याशिवाय हजार ली गाठता येत नाहीत. कोरणे सोडले नाही तर धातू आणि दगडही कोरता येतात. गांडुळाला ना नख्या ना दात, तरी ते वर माती खाते आणि खाली पाताळातले पाणी पिते, कारण त्याचे चित्त एकाग्र आहे. खेकड्याला एवढे पाय आणि वर नांग्या, तरी तो सापाच्या बिळाचा आश्रय शोधतो, कारण त्याचे चित्त चंचल आहे.

आणि याच निबंधात, या वाक्यांच्या आधी, ते असेही लिहितात की, जो गाडीघोडा वापरतो त्याचे पाय काही वेगवान नसतात, तरी तो हजार ली जातो. जो नाव वापरतो त्याला पोहता येत असेलच असे नाही, तरी तो नदी ओलांडतो. थोर माणूस जन्मतः वेगळा नसतो, बाहेरच्या गोष्टींचा आधार घेण्यात तो कुशल असतो. तेच हजार ली, एकदा गाडीने आणि एकदा पायाने, एकाच निबंधात! श्युन्त्झ यांना यात विरोध जाणवत नाही. आपल्याला तो जाणवतो, याचे कारण ‘स्वावलंबन’ या आपल्या शब्दात दुसऱ्याचा आधार न घेणे हा अर्थ आधीच भरलेला आहे. त्यामुळे देवाने डोंगर उचलले म्हणून यूगोंग हरला, असे मी आता म्हणणार नाही.

गवताळ

रोप स्वतः वाढते आणि खुरपणी आपली असते, हेच मी वर म्हटले होते, फक्त माझ्याकडे खेकडा नव्हता.

उलट_तपासणी

देव येणार याची खात्री नसताना खणणे आणि देव येईल म्हणून खणणे यांत फरक आहे. संहितेत यूगोंगने देवाकडे काही मागितले आहे काय?

सुदूरपूर्व

नाही. त्याच्या तोंडी देवाचे नावही नाही. तो फक्त मुलानातवंडांचा हिशोब सांगतो, आणि शहाण्या म्हाताऱ्याकडे त्यावर उत्तर नसते.

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. मुलीला गाडी आणि पावलांचे सांगितले. तिने ऐकून घेतले, पण तिला त्यापेक्षा शेजारच्या मुलाविषयी बोलायचे होते. वर्गात बाईंनी मूळ वाक्य वाचून दाखवले, त्यात तो मदतीला ‘उड्या मारत’ गेला असे आहे म्हणे. त्याला कोणी बोलावले नव्हते आणि त्याच्या घरासमोरचा वळसा कोणी मोजलेला नव्हता. तिने वहीत चित्र काढले आहे: पुढे टोपली घेतलेला तो मुलगा, मागे म्हातारा, आणि कोपऱ्यात बायको ‘माती कुठे टाकणार?’ असे विचारताना. देव काढायला जागा उरली नाही, असे ती म्हणाली.

पुढचा धडा झाडाच्या बुंध्याला धडकून मेलेला ससा आणि नंतर तिथेच दुसऱ्या सशाची वाट पाहत बसलेला शेतकरी यांचा आहे. आळशीपणावरची गोष्ट आहे, त्यामुळे ती तरी सरळ असावी.

सुदूरपूर्व

ती प्राचीन राजनीतिज्ञ हान फेइ यांची आहे, आणि मूळ ग्रंथात ती आळशी शेतकऱ्यासाठी नसून जुन्या राजांच्या पद्धतीने नव्या काळात राज्य करू पाहणाऱ्यांसाठी आहे. नवा धागा काढा, तिथे लिहितो.